सागरकन्या रेचेल कार्सन

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादिकाबाईंनी सुचविले. पंडिता रमाबाई, डॉ. आनंदीबाई जोशी, मादाम क्यूरी यांच्याविषयी आपण सर्वांनी पुष्कळ वाचले आहे. म्हणून मी एका अमेरिकन बाईची निवड केली. समुद्रातील जीवसृष्टी वाचावी म्हणून झटलेल्या या बाईचा डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या कर्जत-खालापूरशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या घरांच्या भिंतींपर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

१९६० च्या सुमाराची गोष्ट. मी लहान होते. वर्षाकाठी ठरलेल्या वेळी गावात फवारणीची माणसे येत. त्यांना आम्ही मुले डीडीटीवाले म्हणत असू. एकजण बादलीत उभा केलेला पंप मारी आणि दुसरा लांब नळीने भिंतीवर फवारी. ते आळीत शिरले की आई लगबगीने लोणच्याच्या बरण्या, पिठाचे डबे, हंडे-कळशा अंगणात काढून झाकून ठेवी. भिंती पांढुरक्या होत, दारावर तारीख लिहिली जाई आणि पुढे दोन दिवस घरभर तो उग्र वास दरवळत राही. १९५३ साली सरकारने हिवतापाविरुद्ध देशभर मोहीम सुरू केली होती, तिचाच हा भाग. हिवताप त्यामुळे खरोखरच हटला, हे प्रथम कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. थंडी वाजून गोधड्यांखाली कुडकुडणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्याचे मोल कळेल. पुढे तर आपल्याच खालापूर तालुक्यात, रसायनीच्या सरकारी कारखान्यात, कित्येक वर्षे डीडीटी तयार होत असे.

भिंतीवर, शेतावर, तळ्यावर फवारलेले हे औषध शेवटी जाते कोठे, हा साधा प्रश्न जिने जगापुढे मांडला, ती ही रेचेल कार्सन.

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या लहानशा गावी झाला. गाव नदीकाठी, पण समुद्र तेथून शेकडो मैल दूर. वडिलांची पासष्ट एकर जमीन होती, तरी घरात बरकत अशी कधी नव्हती. तीन भावंडांत रेचेल धाकटी. आई मराया लग्नापूर्वी शिक्षिका होती. विवाहित स्त्रीने शाळेत शिकवू नये असा त्या काळी तिकडेही रिवाज असल्याने लग्नानंतर तिची नोकरी सुटली. मग तिने आपली सारी विद्या या धाकट्या लेकीच्या ओंजळीत घातली. दोघी मायलेकी रानातून हिंडत, पाखरांची घरटी पाहत, किडामुंगीची ओळख करून घेत. अकराव्या वर्षी रेचेलने लिहिलेली गोष्ट मुलांच्या एका प्रसिद्ध मासिकात छापून आली. समुद्राविषयी मिळेल ते ती वाचून काढी. प्रत्यक्ष समुद्र मात्र तिने पाहिलेला नव्हता.

१९२५ साली ती पिट्सबर्गच्या मुलींच्या कॉलेजात दाखल झाली. तिच्या शिक्षणापायी आईने पियानोच्या शिकवण्या केल्या, एवढेच नव्हे तर घरातली जपून ठेवलेली चिनी मातीची भांडी विकली. रेचेल लेखिका होणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु मेरी स्किंकर नावाच्या प्राध्यापिकाबाईंनी शिकविलेल्या जीवशास्त्राने तिला असे वेड लावले की तिने इंग्रजी सोडून तोच विषय घेतला. मुलीला विज्ञानात नोकरी कोण देणार, असे म्हणून हितचिंतकांनी कपाळाला हात लावला. १९२९ साली ती पदवीधर झाली आणि त्याच उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काही आठवडे काम करण्याची संधी तिला मिळाली. तेथे, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिला समुद्राचे पहिले दर्शन घडले.

पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून तिने १९३२ साली प्राणिशास्त्राची एम.ए. मिळविली. डॉक्टरेट करावी असे फार मनात होते, पण घरी पैशाची ओढाताण. दोन वर्षांनी तो नाद सोडावा लागला. १९३५ साली वडील वारले आणि आईची जबाबदारी तिच्यावर पडली. सरकारच्या मत्स्य खात्याला तेव्हा रेडिओवर जलचरांविषयी सात-सात मिनिटांची भाषणे लिहून देणारे माणूस हवे होते. ते काम तिने पत्करले. पुढच्याच वर्षी सरकारी परीक्षेत ती पहिली आली आणि खात्यात कायम झाली. त्या खात्यात शास्त्रीय पदावर पूर्णवेळ नेमलेली ती केवळ दुसरी स्त्री होती. इतक्यात थोरली बहीण दोन मुली मागे ठेवून निवर्तली. कार्सनबाईंनी त्या दोघी भाच्यांना आपल्या घरी आणले. दिवसा कचेरी आणि रात्री घर निजल्यावर लेखन, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. हस्तलिखिते टंकलिखित करून देण्याचे काम वृद्ध आई करी.

त्यांचे पहिले पुस्तक १९४१ च्या नोव्हेंबरात निघाले आणि महिनाभरात अमेरिका महायुद्धात उतरली. मग समुद्रपक्ष्यांच्या आणि माशांच्या गोष्टी कोण वाचतो! दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत.

परंतु खात्यातल्या नोकरीने त्यांना एक मोठी गोष्ट दिली. मासे आणि वन्य प्राणी यांवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांचे अहवाल त्यांच्या हाताखालून जात. ते तपासणे, सुबोध करणे, छापणे हेच त्यांचे काम होते. पुढे त्या खात्याच्या साऱ्या प्रकाशनांच्या मुख्य संपादिका झाल्या. कचेरीत बसून समुद्र कळत नाही हेही त्या जाणून होत्या. १९४९ साली खात्याच्या संशोधन जहाजावरून जाण्याचे त्यांनी ठरविले, तेव्हा मोठीच पंचाईत उभी राहिली. जहाजावर सगळे पुरुष, तेथे एकटी बाई कशी पाठवायची? शेवटी तोड निघाली ती अशी, की एकीऐवजी दोघी बायका गेल्या तर चालेल. मग त्यांच्या पुस्तकांचे व्यवहार पाहणाऱ्या मैत्रीणबाई सोबतीला गेल्या. (ही तोड आपल्याकडच्या कुठल्याही घरात निघाली असती!)

या साऱ्या व्यासंगातून १९५१ साली त्यांचे ‘द सी अराउंड अस’ हे सागराविषयीचे पुस्तक बाहेर पडले आणि ८६ आठवडे सर्वाधिक खपाच्या यादीत राहिले. राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. चाळिशी उलटल्यावर प्रथमच हाती चार पैसे आले, तेव्हा १९५२ साली त्यांनी नोकरी सोडली आणि मेन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर लहानशी बंगली बांधली. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांशी तासन्‌तास बसून त्या खेकडे, शिंपले, शेवाळ पाहत. सुखाचे दिवस म्हणावेत तर एवढेच. १९५७ साली एक भाची वारली आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलाला कार्सनबाईंनी दत्तक घेतले. त्या वेळी त्यांचे वय पन्नासाच्या घरात होते, आणि घरात अंथरुणाला खिळत चाललेली आई.

अशा वेळी, १९५८ च्या जानेवारीत, त्यांच्या एका परिचित बाईने कळविले की डास मारण्यासाठी विमानातून डीडीटी फवारल्यावर आपल्या अंगणात पाखरे मरून पडली. हा विषय कार्सनबाईंना नवा नव्हता. १९४५ सालीच त्यांनी डीडीटीवर लेख लिहून देऊ केला होता, पण मासिकाने तो नाकारला. त्या काळी डीडीटी म्हणजे देवाचे देणे. त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. दुसऱ्या कोणीतरी हे लिहावे अशी त्यांनी खटपट केली, पण कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी स्वतःच कंबर कसली. चार वर्षे त्या शास्त्रज्ञांना पत्रे लिहीत, विखुरलेले अहवाल मिळवीत आणि पडताळून पाहत राहिल्या.

त्यात काय सापडले, हे थोडे सविस्तर सांगते. कॅलिफोर्नियातील एका तलावावर चिलटे फार झाली म्हणून डीडीटीचेच भावंड असलेले एक औषध पाण्यात सोडले. प्रमाण अगदी नगण्य, पाण्याच्या पाच कोटी भागांत एक भाग. पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या अंगी ते दहा लाखांत पाच भाग भरले. ते जीव लहान माशांनी खाल्ले, लहान मासे मोठ्यांनी गिळले, आणि मासे खाणाऱ्या पाणडुब्यांच्या चरबीत ते दहा लाखांत सोळाशे भागांपर्यंत पोहोचले. पाण्यात होते त्याच्या ऐंशी हजार पट! तलावावर पूर्वी पाणडुब्यांची हजार जोडपी घरटी करीत. १९६० साली सुमारे तीस उरली. हे औषध पाण्यात विरत नाही, चरबीत साठते, आणि जो जीव खाण्याच्या साखळीत जितका वरचा तितका त्याच्या वाट्याला अधिक येते.

दुसरे उदाहरण आपल्या पेण-अलिबागकडच्या बायकांना चटकन कळेल. फ्लोरिडात समुद्रालगतच्या दोन हजार एकर खाजणावर १९५५ साली बारीक माशीच्या नायनाटासाठी डीडीटीहूनही जहाल औषध टाकले. संशोधकांनी मोजदाद केली तेव्हा तीस जातींचे मिळून अकरा लाखांहून अधिक मासे मेलेले आढळले. खेकडेही गेले. खाजणे आणि खाड्या म्हणजे समुद्रातल्या कित्येक माशांचे बाळंतघर. तेथेच विष शिरले तर पुढे जाळ्यात काय यायचे? कॅनडाच्या जंगलात झाडांवरच्या अळीसाठी विमानातून फवारले, तर खालच्या नदीतली सॅमन माशांची पिल्ले मेली. त्यांतून मोठी होणारी समुद्रात जायची होती.

हे लिहीत असतानाच १९५८ च्या डिसेंबरात आई गेली. १९६० साली कार्सनबाईंच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची होती, पण डॉक्टरांनी ते त्यांच्यापासून लपवून ठेवले. बाईमाणसाला खरे सांगू नये अशी तेव्हाची रीत. रोग पसरू लागला तेव्हाच त्यांना सत्य कळले. किरणोपचार घेत, कधी अंथरुणावर पडून त्यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ पुरे केले आणि सप्टेंबर १९६२ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

मग जो गदारोळ उठला त्याला तोड नाही. एका रसायन कंपनीने प्रकाशकाला दाव्याची धमकी दिली. बाई अविवाहित आहे, डॉक्टरेट नाही, पाखरांची हळवी भक्त आहे, नाना परी. त्यांनी आपले आजारपण मात्र कटाक्षाने लपविले. स्वतःच्या दुखण्यामुळे औषधांवर राग काढते, असे म्हणायला कोणाला जागा राहू नये म्हणून. वास्तविक सर्व औषधे बंद करा असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. रोग निवारण्यासाठी त्यांचा जपून उपयोग करण्यास त्यांचा विरोध नव्हता. अंदाधुंद फवारणीने कीटक औषधाला दाद देईनासे होतात आणि मग रोगाच्या वेळी तेच औषध निकामी ठरते, असा त्यांचा इशारा होता. हिवतापाच्या डासांच्या बाबतीत तो आपल्या देशातही खरा ठरला. अध्यक्ष केनेडी यांनी चौकशीस नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने मे १९६३ मध्ये त्यांच्या म्हणण्याला पुष्टी दिली. पुढच्याच महिन्यात, चालणेही कष्टाचे झाले असताना, त्यांनी सेनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. त्यांची निम्मी रक्षा आईच्या शेजारी पुरण्यात आली आणि निम्मी मेनच्या किनाऱ्यावर समुद्रात सोडण्यात आली.

संशोधन त्यांच्या मागे चालू राहिले. डीडीटीमुळे पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ होते आणि उबवताना आईच्याच भाराने अंडे फुटते, हे पुढे उघड झाले. जेथे कधी कोणी फवारणी केली नाही त्या दक्षिण ध्रुवाकडच्या पेंग्विनांच्या अंगातही डीडीटी सापडले. कॅलिफोर्नियाजवळच्या एका बेटावर १९७० साली तपकिरी पेलिकनांच्या ५५२ घरट्यांतून अवघे एक पिल्लू जगले. शहराच्या सांडपाण्यातून डीडीटी कारखान्याची घाण समुद्रात जात होती. १९७२ साली अमेरिकेने शेतीतील डीडीटीवर बंदी घातली, पेलिकन हळूहळू वाढले, आणि २००९ साली संकटात असलेल्या जातींच्या यादीतून त्यांचे नाव काढण्यात आले.

आपल्या देशात शेतीसाठी डीडीटी वापरण्यास १९८९ साली बंदी झाली. इतर औषधे आहेतच. वांगी-टोमॅटोवर, भातावर आपण ती मारतो. विषालाही आपण औषधच म्हणतो, हीही गंमतच. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास कर्जत-नेरळवरून वसईच्या खाडीला मिळते. खोपोलीची पाताळगंगा रसायनीवरून धरमतरच्या खाडीत जाते. आणि मे महिन्यात सुकट, बोंबील, जवळा भरून ठेवताना आपण जो माल पारखून घेतो, तो त्याच खाड्यांपलीकडच्या समुद्रातून आलेला असतो.