शेजारच्या गावचा कवी : गजानन माधव मुक्तिबोध

भिलाईहून नागपूर-मुंबईकडे निघालेल्या गाडीने दुर्ग सोडले, की साधारण अर्ध्या तासात राजनांदगाव येते. दिवाळीला अगर उन्हाळ्याच्या सुटीत देशाकडे जाणारी आपली कुटुंबे या स्थानकावरून वर्षानुवर्षे जात-येत आली आहेत. या गावात एका मराठी गृहस्थाने आयुष्याची अखेरची सहा वर्षे काढली, आणि स्वातंत्र्योत्तर हिंदी कवितेला ज्या मोजक्या माणसांनी वेगळे वळण दिले त्यांत त्याचे नाव अग्रभागी घेतले जाते, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

गजानन माधव मुक्तिबोध हे ते गृहस्थ. त्यांची जयंती आपल्या मंडळात साजरी व्हावी अशी सूचना मागे एकदा निघाली, तेव्हा हिंदी कवीशी मराठी मंडळाचा संबंध काय, असा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी केला होता. प्रश्नात राग नव्हता. तो गैरही नव्हता. परमुलखात पन्नास वर्षे आपली भाषा जपण्यासाठी धडपडणाऱ्या संस्थेने असा प्रश्न विचारणे स्वाभाविकच आहे. त्या वेळी उत्तर राहून गेले. आज स्मरणिकेच्या निमित्ताने ते थोडे विस्ताराने द्यावे, असे आम्हांस वाटते.

मुक्तिबोधांचे घराणे मूळचे खानदेशातील, जळगावकडचे. एका पूर्वजाने अध्यात्मावर ग्रंथ रचला व त्यावरून हे आडनाव पडले, अशी घराण्यात समजूत होती. पोटापाण्यासाठी हे लोक ग्वाल्हेर संस्थानात उतरले आणि तेथेच राहिले. गजाननरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी त्या संस्थानातील श्योपूर येथे झाला. वडील माधवराव पोलीस खात्यात अधिकारी; म्हणजे बदल्या आल्या, दर बदलीला नवी शाळा आली आणि मुलांच्या शिक्षणाची परवडही आली. ज्यांनी सरकारी नोकरीत संसार केला आहे त्यांना हे अधिक सांगावयास नको. १९३० साली मुलगा उज्जैनला मिडलच्या परीक्षेत नापास झाला. आई पार्वतीबाई बुंदेलखंडाच्या बाजूच्या, हिंदी वातावरणात वाढलेल्या. प्रेमचंदांच्या कथा वाचताना त्यांचे डोळे भरून येत. आपल्याला प्रेमचंदांचे भक्त आईनेच केले, असे मुक्तिबोधांनी पुढे लिहून ठेवले आहे.

घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, अशी ही स्थिती होती. भिलाईत वाढलेल्या आमच्या मुलांची स्थिती याहून निराळी नाही. परंतु त्या घरात एक विलक्षण गोष्ट घडली. थोरला भाऊ हिंदीत लिहू लागला आणि धाकटा मराठीत. धाकटे शरच्चंद्र मुक्तिबोध हे 'नवी मळवाट' व 'यात्रिक' या संग्रहांचे कवी, 'क्षिप्रा', 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' या कादंबरीत्रयीचे लेखक, नागपूरचे प्राध्यापक. त्यांच्या 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथास १९७९ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. दोघे भाऊ मार्क्सवादी विचारांचे, दोघेही कवी आणि दोघेही समीक्षक. एकाच घरातून दोन भाषांना असे दोन लेखक मिळाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस चटकन आठवत नाही. थोरल्याने मराठी टाकली असे म्हणावयाचे, तर धाकट्याने ती उचलली असेही म्हणावे लागेल. आमच्या मते दोन्ही म्हणणे उथळ आहे. ज्या भाषेत माणूस रस्त्यावर भांडतो, मैत्री करतो आणि जगाचा विचार करतो, त्या भाषेत तो लिहितो. शरच्चंद्रांना ती भाषा मराठीत सापडली, गजाननरावांना हिंदीत.

इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून ते १९३८ साली बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी शांताबाईंशी प्रेमविवाह केला. त्यानंतर सुरू झाली ती नोकऱ्यांची भटकंती : बडनगर, शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर. कोठे शाळामास्तर, कोठे मासिकाच्या कचेरीत. कोठेही फार दिवस नाही. यांपैकी शुजालपूरचे महत्त्व मोठे. तेथील शारदा शिक्षा सदनात नेमिचंद्र जैन यांचा सहवास लाभला आणि मार्क्सवादाची ओळख झाली. ही मैत्री जन्मभर टिकली. नेमिचंद्रांना लिहिलेल्या पत्रांतून पैशांची ओढाताण वारंवार डोकावते. १९४३ साली अज्ञेयांनी 'तार सप्तक' हा सात नव्या कवींचा संग्रह काढला आणि हिंदी कवितेत नवे युग सुरू झाले असे मानतात. त्या सातांत दोघे मराठी होते, एक मुक्तिबोध आणि दुसरे प्रभाकर माचवे, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच सुमारास उज्जैनला प्रगतिशील लेखकांचा संघ उभा करण्यात मुक्तिबोध पुढे होते. १९४४ मध्ये इंदूरला फॅसिझमविरोधी लेखकांचे संमेलन त्यांच्या खटपटीने भरले व राहुल सांकृत्यायन त्याचे अध्यक्ष झाले.

त्या पिढीत राजकीय बांधिलकी मानणारे कवी देशभर होते. मुंबईत अली सरदार जाफरी, कैफी आझमी, साहिर यांसारखे उर्दू कवी मुशायरे गाजवीत, आणि चित्रपटांमुळे त्यांचे शब्द घरोघरी गेले. मराठीत अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांनी डफावर थाप मारली की कामगारांची मैदाने भरत. मुक्तिबोधांच्या वाट्याला ना मुशायरा आला, ना डफ. त्यांची कविता लांबलचक, अंधारी, स्वप्नासारखी तुटक आहे. ती कोणास गुणगुणता येत नाही. आम्ही ती प्रथम वाचली तेव्हा अर्धी समजली नाही, हे सांगण्यात संकोच वाटत नाही, कारण हिंदीचे प्राध्यापकही तिच्या अर्थाविषयी आजतागायत वाद घालीत असतात. इतर कवींनी शत्रू समोर उभा करून त्यास ललकारले. मुक्तिबोधांनी शिकल्यासवरल्या मध्यमवर्गीय माणसाच्या मनात शिरून, तेथे तो शत्रूशी कसा तह करतो, हे दाखविले. पगार, बढती आणि अब्रू यांसाठी गप्प बसणारा सुशिक्षित माणूस हा त्यांचा विषय होता. कवितेचा रोख आपल्यासारख्यांवर आहे, हे आमच्या उशिरा ध्यानात आले.

१९४८ मध्ये ते नागपूरला आले. मध्यप्रांत सरकारच्या माहिती व प्रकाशन खात्यात नोकरी, मग आकाशवाणी. मधल्या काळात, १९५४ साली, नागपूर विद्यापीठाची एम. ए. ही पदवीही पदरात पडली. सरकारी नोकरास राजकारणावर लिहिता येत नाही. हा नियम तेव्हाही होता. तेव्हा 'यौगंधरायण', 'अवंतीलाल गुप्त' अशा टोपणनावांनी ते देशविदेशांच्या राजकारणावर लिहीत राहिले. (आमच्या खात्यात अशा टोपणनावांची परंपरा किती जुनी आहे, याविषयी येथे न बोललेले बरे.) अखेर १९५६ मध्ये ती नोकरी सोडून ते 'नया खून' या साप्ताहिकात गेले. त्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूरची राजधानी गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि हिंदी-मराठी असे दोन्ही सूर ज्या गावात एकत्र नांदत होते तेथील हिंदी लेखकांचे वर्तुळ विखुरले.

या नागपूरने त्यांना त्यांची सर्वांत मोठी कविता दिली. एम्प्रेस मिलच्या कामगारांवर गोळीबार झाला तेव्हा ते वार्ताहर म्हणून तेथे हजर होते, आणि 'अंधेरे में' या दीर्घ कवितेवर त्या दिवसाची छाया आहे, असे अभ्यासक सांगतात. त्या कवितेत मध्यरात्री शहरातून बँडच्या तालावर एक मिरवणूक निघते. तीत सेनाधिकारी आहेत, पत्रकार, कवी, विद्वान, उद्योगपती आहेत आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून शहरातला कुप्रसिद्ध गुंड डोमाजी उस्तादही चालला आहे. हे नाव उच्चारताच वऱ्हाड-नागपूरकडच्या वाचकास माणूस डोळ्यांपुढे दिसेल. पुढे लोकमान्य टिळकांचा पुतळा येतो व त्या पाषाणाच्या नाकातून रक्त ठिबकू लागते. ज्यांनी नागपूर पाहिले आहे त्यांना टिळक पुतळ्याचा चौक नवा नाही. आपण लोकमान्यांची पुण्यतिथी दर १ ऑगस्टला हार घालून साजरी करतो. या मराठी माणसाने परभाषेत लिहिताना त्याच लोकमान्यांना स्वतंत्र देशाच्या रस्त्यावर, रक्तबंबाळ पाहिले.

१९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली. महाविद्यालय एकच वर्षाचे होते आणि राजवाड्याच्या वास्तूत भरत असे. राहावयास त्याच आवारात जागा मिळाली. एका बाजूस राणीसागर, दुसऱ्या बाजूस बूढासागर, आणि वर जाण्यास चक्राकार जिना. चाळिशी उलटल्यावर प्रथमच या माणसाच्या पायांखाली स्थिर जमीन आली. इकडे त्याच काळात आपली भिलाई उभी राहत होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. राजनांदगाव तेव्हा दुर्ग जिल्ह्यातच होते. तेथील बी. एन. सी. मिल आणि तिच्या कामगारांचे लढे हा या भागाचा जुना इतिहास आहे. अशा गावात, बिडी ओढीत, रात्री-रात्री जागून त्यांनी कविता पुन्हा पुन्हा लिहिल्या. 'अंधेरे में' १९६२ च्या सुमारास येथेच हातावेगळी झाली. 'कामायनी : एक पुनर्विचार' हा समीक्षाग्रंथही याच काळात, १९६१ साली, प्रसिद्ध झाला.

आणि मग ते प्रकरण घडले. संसाराला हातभार लागावा म्हणून त्यांनी 'भारत : इतिहास और संस्कृति' हे शाळांसाठी पुस्तक लिहिले. ते मंजूर झाले. परंतु पाठ्यपुस्तकांच्या बाजारातील चुरस आणि धर्माभिमान्यांचा रोष असे दोन्ही एकत्र आले. निषेध झाला, आणि सप्टेंबर १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने पुस्तकावर बंदी घातली. पुढील वर्षी न्यायालयात निकाल होऊन आक्षेपार्ह ठरविलेला मजकूर वगळून पुस्तक काढण्यास मोकळीक मिळाली, पण लेखकाला व्हावयाचा तो त्रास होऊन गेला होता. संपूर्ण पुस्तक वाचकांच्या हाती पडावयास पुढे कित्येक वर्षे लागली. आम्ही उभी हयात फायलींत घालविली आहे. बंदीचा हुकूम दोन ओळींचा असतो. त्यावर सही करणाऱ्याने पुस्तक वाचलेले असणे आवश्यक नसते, आणि त्या दोन ओळी परत घेण्याची रीत मात्र कोणत्याही नियमपुस्तिकेत सुलभ नसते. बंदीने मुक्तिबोधांच्या मनावर फार खोल आघात केला, असे त्यांचे स्नेही सांगत.

फेब्रुवारी १९६४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. प्रथम भोपाळचे हमीदिया रुग्णालय. पुढे लेखकांनी धावपळ केली, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लक्ष घातले आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांना हलविण्यात आले. मेंदूच्या आवरणाचा क्षय असे निदान झाले. दीर्घकाळ बेशुद्धीत राहून ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. चित्रकार हुसेन, जन्माने आपल्या पंढरपूरचे, अंत्ययात्रेत होते. त्या दिवसापासून त्यांनी पायांत जोडे घालणे सोडले असे सांगतात.

हयातीत त्यांचा स्वतंत्र असा एकही काव्यसंग्रह निघाला नव्हता. 'चाँद का मुँह टेढ़ा है' निघाला तो त्याच वर्षी, त्यांच्या मागे. 'अंधेरे में' हैदराबादच्या 'कल्पना' मासिकात छापली गेली तीही नोव्हेंबर १९६४ मध्ये. त्यानंतर मात्र ओघ थांबला नाही. कथा आल्या, डायरी आली. १९८० साली नेमिचंद्र जैन यांनी संपादिलेली सहा खंडांची रचनावली आली, आणि त्याच वर्षी मणि कौल यांनी 'सतह से उठता आदमी' हा चित्रपट काढला. १९८४ मध्ये शरच्चंद्रही निवर्तले.

आता त्या प्रश्नाकडे वळू. मुक्तिबोध आपले आहेत काय? रक्ताने आहेत, यात शंका नाही, आणि तेवढ्यावर त्यांची तसबीर मंडळाच्या भिंतीवर लावता येईल. पण तेवढ्याच कारणाने लावावयाची असेल तर न लावावी, असे आमचे मत आहे. स्नेह्याशी बोलतानाही त्याची राजकीय बाजू कोणती हे विचारल्यावाचून ज्यास राहवत नसे, असा हा माणूस होता. त्याला केवळ आडनावासाठी जवळ करणे त्याला खचितच रुचले नसते. आपले म्हणावयाचे असेल तर दुसऱ्या नात्याने म्हणावे. बदलीच्या गावात वाढलेला, घरी एक आणि दारी एक भाषा बोलणारा, नोकरी आणि विवेक यांच्या ओढाताणीत सापडलेला मराठी माणूस काय करू शकतो, हे त्यांनी दाखविले. आणि त्याची किंमत किती, हेही. आपल्या मुलांनी हिंदीत कथा लिहिल्या तर ती आपल्या हातून गेली, असे समजण्याचे कारण नाही.

छत्तीसगड राज्य झाल्यावर त्या राजवाड्याच्या आवारात मुक्तिबोधांचे स्मारक झाले. सोबत पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र या राजनांदगावशी जोडलेल्या आणखी दोन साहित्यिकांची स्मृतीही तेथे जपली आहे, म्हणून त्यास त्रिवेणी म्हणतात. रविवारी सकाळच्या गाडीने निघाल्यास दुपारच्या जेवणाला घरी परत येता येते. जिना चक्राकार आहे. वयस्कर मंडळींनी जपून चढावा.