बिलुंडचा सुतार

दरवर्षी आपल्या अंकात विश्वेश्वरय्या येतात, एडिसन येतो, टाटा येतात. यायलाच पाहिजेत. पण यंदा मी अशा माणसावर लिहितोय, ज्यानं पूल बांधला नाही, धरण बांधलं नाही, इंजिनिअरिंगच्या कॉलेजची पायरीसुद्धा चढली नाही. तो होता सुतार. नाव ओले किर्क क्रिस्टियानसेन. या नावावरून काही ओळख पटणार नाही, पण त्यानं आपल्या धंद्याला ठेवलेलं नाव हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत माहीत आहे – लेगो.

हा माणूस ७ एप्रिल १८९१ रोजी डेन्मार्कमधल्या फिल्स्कोव नावाच्या खेड्याजवळ जन्मला. घर गरीब, भावंडं भरपूर. तो भाग म्हणजे रेताड माळरान. कॅनॉल यायच्या आधी आपल्या इंदापूर तालुक्यातलं जिरायत रान कसं असेल, तसंच काहीसं समजा (फक्त थंडी कडाक्याची!). थोरल्या भावाच्या हाताखाली तो सुतारकाम शिकला, काही वर्षं जर्मनी आणि नॉर्वेत कामाला गेला, तिथंच त्याला किर्स्टिन भेटली. १९१६ साली परत येऊन त्यानं बिलुंड गावात सुतारकामाचा एक कारखाना विकत घेतला आणि लग्न केलं. दारं, खिडक्या, कपाटं, शेतकऱ्यांची घरं, गोठे... जे काम येईल ते. चार मुलगे झाले. इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही सुतार-मिस्त्रीची असू शकते.

१९२४ साली एका रविवारी दोन पोरं वर्कशॉपमध्ये खेळत होती. त्यांनी लाकडाचा भुसा-कपच्या पेटवल्या आणि वर्कशॉप, घर, सगळं जळून गेलं. त्या दोघांतला एक, गॉटफ्रेड, तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. ओले किर्कनं काय केलं, तर आधीपेक्षा मोठी इमारत बांधली. स्वतःचं बिऱ्हाड लहानशा जागेत टाकलं आणि बाकीची जागा भाड्यानं दिली. मला विचाराल तर हे धाडस जरा अतीच होतं.

कारण पुढं जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव पडले की शेतकरी घर बांधत नाही, आणि घर नाही तर सुताराला काम नाही. हे गणित बारामती-इंदापूरच्या पोरांना समजावून सांगायची गरज नाही. कामगार कमी करावे लागले. त्यातच १९३२ साली किर्स्टिन वारली. पदरात चार मुलगे, डोक्यावर कर्ज आणि हाताला काम नाही. तेव्हा त्यानं शिल्लक लाकडातून शिड्या, इस्त्रीच्या फळ्या आणि लहान मुलांची खेळणी करायला घेतली. मोटारी, विमानं, ओढायचं बदक. लोकांकडे रोख पैसा नसायचा, मग कधी कधी खेळण्याच्या बदल्यात खाण्याच्या वस्तू घेऊन त्यानं घर चालवलं.

आता खरा पेच इथं आहे. कर्जासाठी तो भावंडांकडे गेला. त्यांनी मदतीची तयारी दाखवली, पण अट घातली – ही खेळणी बंद कर. चाळिशीचा बाप्या, चार पोरांचा बाप, आणि बदकं रंगवत बसतो! ज्यांच्या घरी सोसायटीच्या कर्जाला काका-मामा जामीन राहिलेत, त्यांना जामीनदाराच्या शब्दाचं वजन ठाऊक असतं. ओले किर्कनं मदत घेतली, पण खेळणी सोडली नाहीत. हा हट्ट की दूरदृष्टी? आज लेगो मोठी झाली म्हणून आपण दूरदृष्टी म्हणतो. त्या वर्षी, त्या भावंडांच्या जागी मी असतो तर मीही हट्टच म्हणालो असतो.

१९३४ साली त्यानं कारखान्याला नाव शोधायची स्पर्धा कामगारांतच लावली. बक्षीस काय, तर घरी केलेल्या वाईनची एक बाटली. परीक्षक स्वतः, आणि जिंकलाही स्वतःच! डॅनिश भाषेत ‘छान खेळ’ अशा अर्थाचे दोन शब्द आहेत, त्यांची सुरुवातीची अक्षरं जोडून ‘लेगो’. बाटलीचं काय झालं ते कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.

त्याच काळात यो-योचं वेड आलं होतं. भरमसाट यो-यो तयार केले आणि वेड ओसरलं. माल पडून. ओले किर्कनं ते यो-यो मधोमध कापले आणि खेळण्यातल्या ट्रकची चाकं म्हणून बसवले. आपल्या वर्कशॉपच्या सरांना हे फार आवडेल.

बदकाची गोष्ट तर त्याहून भारी. बदकाला वार्निशचे तीन हात द्यायची पद्धत. एकदा गॉटफ्रेडनं दोनच हात देऊन माल रवाना केला आणि कारखान्याचे पैसे वाचवले म्हणून खुशीत वडिलांना सांगायला आला. वडिलांनी त्याला तसंच स्टेशनवर पाठवलं. सगळी खोकी परत आणायला लावली आणि तिसरा हात मारून पुन्हा पोचवायला लावली, तेही एकट्यानं, रात्रभर बसून. गिऱ्हाइकाला काहीच कळलं नसतं. (जर्नलमध्ये रीडिंग ‘जुळवणाऱ्या’ मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. पाहिजे तर मी बाजूला बघतो.)

१९४२ मध्ये दुसऱ्यांदा आग लागली. या वेळी कारखाना गेला, त्यात नमुने गेले, ड्रॉइंग्ज गेली. देशात जर्मन सैन्य बसलेलं. सगळं सोडून द्यावं असं त्याला वाटलं होतं म्हणतात, पण हाताखाली माणसं होती, त्यांची घरं होती. पुन्हा बांधलं.

युद्ध संपल्यावर ओले किर्कनं कोपनहेगनमध्ये प्लॅस्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंगचं इंग्लंडचं यंत्र पाहिलं आणि १९४६ साली ते मागवलं. पंचावन्न वर्षांचा, आयुष्यभर लाकडात काम केलेला माणूस. डेन्मार्कमध्ये तेव्हा हे तंत्र नवंच होतं. १९४९ मध्ये त्या यंत्रातून एकमेकींवर बसणाऱ्या पोकळ विटा निघाल्या. इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण कौतुकाच्या लेखांत ती गाळतात. ही वीट त्याची स्वतःची कल्पना नव्हती. हिलरी फिशर पेज या इंग्रज माणसानं ‘किडीक्राफ्ट’ नावानं अशा विटा आधीच काढल्या होत्या आणि पेटंटही घेतलं होतं. ओले किर्कच्या विटा थोडा फेरफार करून त्यावरूनच घेतलेल्या होत्या. पेज १९५७ साली वारला. लेगोनं किडीक्राफ्टचे हक्क विकत घेतले ते थेट १९८१ मध्ये. वार्निशच्या तिसऱ्या हातासाठी पोराला रात्रभर बसवणारा माणूस आणि हा माणूस एकच. चरित्र लिहायचं म्हटलं की हे दोन्ही एकाच कागदावर घ्यावं लागतं.

पण विटा खपेनात. दुकानदार माल परत पाठवायचे. कारण साधं होतं – वीट बसायची, पण धरून राहायची नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, बारामती-इंदापूर रस्त्यावर कळलं! आमच्या विंगमधल्या पाच जणांनी गॅदरिंगसाठी प्लॅस्टिकच्या विटांचं एक शहर केलं होतं. घरोघरी धाकट्या भावंडांच्या डब्यांतून विटा गोळा केल्या, थोड्या जुन्या विकत घेतल्या, आणि बजेट संपल्यावर बाजारातल्या स्वस्त बिननावाच्या घेतल्या. लेगोच्या विटेवरचे उंचवटे बरोबर ८ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे ३२ उंचवट्यांची पाटी २५.६ सेंटिमीटरची. अशा चार पाट्या एका प्लायवूडच्या फळीवर, आणि अशा सहा फळ्या. मेसच्या दोन टेबलांवर दीड मीटर बाय एक मीटरचं शहर उभं राहिलं. एसटी स्टँड, साखर कारखान्याची चिमणी, कॅनॉल, बाजारपेठ. ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल. मेसच्या मावशींनी तर विचारलं, यात मेस कुठंय?

नंतर ते शहर इंदापूरच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनात मांडायला बोलावणं आलं. शहर उभारणं सोपं, हलवणं अवघड. प्रत्येक इमारत पाटीपासून सुटी केली, मजले वेगळे केले, चिकटपट्टीवर फळीचा आणि जागेचा नंबर टाकला, फोटो काढून ठेवले. गावाकडून डाळिंबाची प्लॅस्टिकची क्रेट आणली, त्यात रद्दीचे बोळे भरून इमारती बसवल्या. फळ्या आडव्या, मध्ये थर्माकोल. छोटा हत्ती ठरवला. भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी – तुकोबांची पालखी ज्या वाटेनं जाते तीच वाट, पन्नासेक किलोमीटर. पालखी कुठंच घाई करत नाही, हे ड्रायव्हरदादांना सांगून झालं. तरी स्पीडब्रेकर ते स्पीडब्रेकरच.

इंदापुरात क्रेट उघडली तेव्हा फरक उघड दिसला. लेगोच्या विटांच्या भिंती जशाच्या तशा. स्वस्त विटांची कारखान्याची चिमणी मात्र तळाशी पडलेली, सुट्या विटांचा ढीग. आम्ही लिमिट्स, फिट्स आणि टॉलरन्स हा धडा परीक्षेसाठी घोकला होता, तो त्या क्रेटमध्ये प्रत्यक्ष पडला होता. फिट किंचित ढिला झाला तर वीट सुटते, किंचित घट्ट झाला तर लहान पोराला ती काढता येत नाही. या दोन्हींच्या मधली जागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते. चिमणी आम्ही तासाभरात पुन्हा उभी केली, आणि शाळेतली पोरं शेवटपर्यंत तिच्याभोवतीच होती.

ओले किर्कच्या १९४९ च्या विटा आतून पोकळ होत्या, नेमका हाच त्रास त्यांना होता. उत्तर शोधलं ते चार वर्षांचा असताना वर्कशॉप पेटवणाऱ्या गॉटफ्रेडनं. १९५४ मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर एका मोठ्या दुकानाच्या खेळणी खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याशी त्याची गाठ पडली. खेळण्यांच्या धंद्यात काही पद्धतच नाही, अशी त्या गृहस्थांची तक्रार होती. गॉटफ्रेडच्या डोक्यात ते बसलं. सुटं खेळणं नको, सगळं एकमेकांत बसेल अशी एक व्यवस्था हवी. १९५५ मध्ये बाजारात आलं ते चक्क एक शहर! रस्ते छापलेला पट, त्यावर विटांची घरं, छोट्या मोटारी, झाडं. २८ संच आणि ८ गाड्या. मुलांना रहदारीचे नियम कळावेत हाही एक हेतू होता. जगभर आज जी विटांची शहरं मांडली जातात, आमचंही त्यातच धरा, त्यांची पणजी म्हणजे हा पट.

आणि २८ जानेवारी १९५८ रोजी दुपारी १ वाजून ५८ मिनिटांनी विटेच्या पोटात नळ्या घालण्याच्या कल्पनेचा पेटंट अर्ज कोपनहेगनला दाखल झाला. खालच्या विटेचे उंचवटे वरच्या विटेच्या नळ्या आणि भिंती यांच्या मध्ये दाबून बसतात, तीन ठिकाणी धरले जातात. बस्स, एवढंच. पण त्या दिवसानंतरची वीट आजच्या विटेवर बसते. २ बाय ४ च्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, हे पुढं गणितज्ञांनी संगणकावर मोजून काढलं.

त्या अर्जानंतर बरोबर ४२ दिवसांनी, ११ मार्च १९५८ रोजी ओले किर्क वारला. नळीवाली वीट दुकानात गेलेली त्यानं पाहिली नाही.

१९६० मध्ये तिसरी मोठी आग. जळालं ते लाकडी खेळण्यांचं गोदाम. तेव्हा लाकडी खेळणी कायमची बंद करायचं ठरलं, म्हणजे सुतारानं काढलेल्या कारखान्यातून सुतारकामच गेलं. भावाभावांत यावरून बिनसलं आणि दोघं बाहेर पडले. माल हलवायला गावाला विमानतळ नव्हता, म्हणून कंपनीनं स्वतःची धावपट्टी केली. तोच १९६४ पासून बिलुंडचा सार्वजनिक विमानतळ. कारखान्यात मांडलेली विटांची मॉडेल्स बघायला इतकी माणसं यायला लागली की कामात व्यत्यय नको म्हणून ती बाहेर हलवली. डॅग्नी होल्म नावाच्या बाईंनी त्या छोट्या शहरांची बरीच मॉडेल्स घडवली आणि ७ जून १९६८ रोजी लेगोलँड सुरू झालं.

आपल्याकडे बिलुंड नाही, पण कोथरूड आहे. भाऊ जोशी यांनी आधी हलवता येतील असे छोट्या रेल्वेचे देखावे करून प्रदर्शनांत मांडले, आणि मग १ एप्रिल १९९८ रोजी पुण्यात त्यांचं कायमचं संग्रहालय उघडलं. पूल, सिग्नल, दिव्याचे खांब आणि त्यातून पळणाऱ्या गाड्या. आमच्या शहराचे फळ्यांचे जोड कसे लपवायचे, ते आम्ही तिथं दोन तास उभं राहून बघितलं. सुट्टीत पुण्याला गेलात तर जाऊन या, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल दोघांनाही खुराक आहे.

बिलुंडच्या मुख्य रस्त्यावर ओले किर्कचं घर अजून उभं आहे. दारापाशी दोन सिंह बसवलेले आहेत. पोरांनी १९२४ मध्ये जाळल्यावर त्यानं ऐपतीबाहेर जाऊन बांधलेलं तेच हे घर. कंपनीनं आपला इतिहास आता तिथंच मांडून ठेवला आहे.