आचऱ्याहून हार्वर्डकडे : अच्युत कानविंदे

स्वातंत्र्योत्तर भारतीय वास्तुकलेचा विषय निघाला की चंडीगड आणि ल कार्बुझिए ही नावे प्रथम पुढे येतात. मालवण तालुक्यातील आचरे गावी १९१६ मध्ये जन्मलेल्या अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचे नाव मात्र महाराष्ट्रातही वास्तुविशारदांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच घेतले जाते.

वडील चित्रकार. कानविंदे यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये क्लॉड बॅटली यांच्या हाताखाली वास्तुकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत रुजू झाले. महायुद्ध संपत असताना, १९४५ मध्ये, सरकारने त्यांना हार्वर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे बाउहाउसचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस त्यांचे गुरू झाले. अलंकरण टाळून उपयोग, साहित्य आणि बांधण्याची रीत यांतूनच वास्तूला रूप यावे, ही शिकवण घेऊन ते १९४७ मध्ये परतले.

अहमदाबादमधील 'अटिरा' या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची त्यांची आरंभीची इमारत याच शिकवणीची. परंतु युरोपातील फिकट उन्हासाठी घडलेली ही सपाट, शुभ्र शैली आपल्याकडील कडक उन्हाला आणि पावसाला पुरी पडत नाही. कानविंदे यांचे मोठेपण असे, की गुरूचे ऋण मानूनही ते त्या साच्यात अडकले नाहीत. १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासह दिल्लीत स्वतंत्र व्यवसाय सुरू केल्यावर त्यांच्या कामात उघडे काँक्रीट, गिलावा नसलेली वीट, सावलीच्या वाटा आणि मोकळे चौक दिसू लागले. अहमदाबादमधील हरिवल्लभदास कुटुंबाचे घर याच काळातले.

त्यांच्या विचारांची खरी कसोटी लागली ती कानपूरच्या आयआयटीत. एका घराचा नव्हे, तर अध्यापक आणि विद्यार्थ्यांच्या अख्ख्या वसाहतीचा हा प्रश्न होता. १९५९ पासून उभारलेल्या या संकुलात त्यांनी मोटारींना कडेने फिरविले आणि मधला भाग पायी चालणाऱ्यांसाठी राखला; इमारती छायेतल्या मार्गांनी जोडल्या. (आपल्या शहरांत नेमके याच्या उलट घडते.) या अनुभवातून १९६९ मध्ये जेम्स मिलर यांच्यासमवेत लिहिलेला 'कॅम्पस डिझाइन इन इंडिया' हा ग्रंथ सिद्ध झाला.

१९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रोपियसच्या या शिष्याने उतारवयात दिल्लीतील इस्कॉन मंदिराची शिखरेही रेखाटली. २८ डिसेंबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले.