भाऊसाहेब परत आले... आणि तेही रत्नागिरीत!

मित्रांनो, मागच्या सेमिस्टरच्या शेवटी आमच्या हॉस्टेलवर एक बातमी फिरत होती. आपल्या विद्यार्थ्यांचे पेपर म्हणे मुद्दाम कडक तपासले जातात, वरून तसा तोंडी आदेशच आहे! पुरावा काय? तर अमुक एका मजल्यावरच्या सहा जणांना एकाच विषयात केटी लागली. त्याच मजल्यावरचे बाकीचे वीस जण पास झाले होते, पण त्यांच्याबद्दल कुणी बोललंच नाही. मीही बोललो नाही, कारण त्या सहांत मी होतो! आपण अभ्यास केला नव्हता यापेक्षा आपल्याविरुद्ध कट झाला होता, हे मनाला जास्त गोड लागतं.

तेव्हाच मला भगवतीच्या किल्ल्याकडे बघताना एका माणसाची आठवण झाली. हा माणूस मेल्यानंतर पंधरा वर्षांनी रत्नागिरीत ‘जिवंत’ झाला, आणि त्याच्या नावावर वीसेक हजार माणसं गोळा झाली. त्याचं नाव सदाशिवराव चिमणाजी, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले सदाशिवरावभाऊ. पानिपतचे भाऊसाहेब!

भाऊंचा जन्म १७३० सालचा. वडील चिमाजीअप्पा, म्हणजे थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ, वसईचा किल्ला घेणारे. आई रखमाबाई भाऊ जेमतेम महिन्याचे असतानाच गेली. दहा वर्षांचे होतात न होतात तोच १७४० साली वडीलही गेले. आजी राधाबाईंनी नातवाला वाढवलं. रामचंद्रबाबा शेणवी यांच्यासारख्या मुरलेल्या मुत्सद्द्याच्या हाताखाली हिशेब, पत्रव्यवहार आणि राजकारण शिकवलं गेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रशासन आणि फील्डवर्क, दोन्हींचं ट्रेनिंग!

१७४६ च्या अखेरीस, वयाच्या सोळाव्या वर्षी, भाऊ पहिल्यांदा स्वारीवर निघाले, ती कर्नाटकातली. आपण बारावीच्या मार्कांची चिंता करतो त्या वयात. पुढे चुलतभाऊ नानासाहेब पेशव्यांचे कारभारी म्हणून दौलतीच्या हिशेबावर त्यांचा धाक बसला. स्वभाव करारी, शब्द तिखट, व्यायामाची आवड मोठी, रोजचे सूर्यनमस्कार चुकायचे नाहीत. पहिली बायको उमाबाई १७५० साली वारली. दुसरं लग्न पेणच्या कोल्हटकरांच्या घरातल्या पार्वतीबाईंशी झालं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाऊंच्या आयुष्यातला सर्वात मोठा दिवस ३ फेब्रुवारी १७६०. उदगीरला निजामाचा पराभव झाला. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती तोफखान्यानं कमाल केली. तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले मिळाले. साऱ्या महाराष्ट्रात भाऊंचं नाव झालं. आणि त्याच विजयाच्या जोरावर, अब्दालीला अडवण्यासाठी उत्तरेकडे कुणी जायचं, हा प्रश्न सुटला. मार्च १७६० मध्ये भाऊ परतूडहून निघाले. बरोबर नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव. बरोबर पार्वतीबाईसुद्धा.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा. मग पानिपतावर दोन अडीच महिने कोंडी, उपासमार, आणि १४ जानेवारी १७६१. दुपारपर्यंत लढाई बरोबरीची चालली होती. मग विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. रिकामी अंबारी दिसल्यावर फौजेचा धीर सुटला. त्या गर्दीतून भाऊ परत आले नाहीत. वय तीस.

इथं एक माणूस संपला. पण त्याची गोष्ट इथून सुरू होते!

भाऊंचं प्रेत सापडलं होतं का? सापडलं होतं. शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा दक्षिणी ब्राह्मण होता. त्यानं नंतर लिहून ठेवलंय की दुसऱ्या दिवशी शोध घेताना शिर नसलेलं एक प्रेत मिळालं. पाठीवर जुन्या घावाची खूण होती, तो घाव मुजफरखानानं पूर्वी पुण्याकडे केला होता. हातापायांवर नमस्कारांचे घट्टे होते. ओळखीच्या माणसांनी ओळख पटवली, शिरही नंतर मिळालं, आणि दहन झालं. पण काशीराजानं हे लिहिलं १७८० साली आणि तेही फारसीत. पुण्यात ज्या बातम्या आल्या त्या तुकड्यातुकड्यांनी आल्या. कुणी म्हणे पडले, कुणी म्हणे जखमी होऊन निसटले. घरच्या माणसांपैकी कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही. नानासाहेब त्या धक्क्यातून सावरलेच नाहीत. जून १७६१ मध्ये पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

आणि पार्वतीबाई? त्या रणातून वाचून परत आल्या, पण नवरा गेला हे त्यांनी मानलं नाही. कुंकू पुसलं नाही. १७८३ साली त्या वारल्या, तोपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, त्या सौभाग्यवती म्हणूनच शनिवारवाड्याच्या वैभवात आणि दुःखात राहिल्या. भाऊंची उत्तरक्रिया झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर. आता विचार करा, खुद्द पेशव्यांच्या घरात त्या माणसाचं श्राद्ध होत नाही, बायकोच्या कपाळी कुंकू आहे, तर मग बाजारातल्या माणसानं काय समजायचं?

अशा वेळी बुंदेलखंडात एक माणूस उगवला. तो स्वतःला भाऊसाहेब म्हणवत होता. चेहरामोहरा बराच जुळायचा म्हणतात. खरं नाव सुखनिधान, जात कनोजी ब्राह्मण. थोरल्या माधवरावांनी त्याला पकडून पुण्यात आणवलं. भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांनी पाहिलं, चौकशी झाली, त्यानं आपण तोतया असल्याचं कबूल केलं. पण त्याला मारलं नाही, किल्ल्याकिल्ल्यांवरच्या कैदेत ठेवलं. पार्वतीबाईंचं मन राखण्यासाठी तसं केलं असावं, असं काही इतिहासकारांना वाटतं. शेवटी त्याची रवानगी झाली आपल्या रत्नागिरीला!

आता मधला काळ बघा. १७७२ मध्ये माधवराव गेले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा इंग्रजांकडे गेले. पुण्यात बारभाई, म्हणजे नाना फडणीस, सखारामबापू वगैरे मंडळी, दोन वर्षांच्या सवाई माधवरावाच्या नावानं राज्य चालवत होती. कोण कुणाचा, कुणालाच कळत नव्हतं. अशा वेळी, फेब्रुवारी १७७६ मध्ये, रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानं कैद्याला सोडलं आणि भाऊसाहेब म्हणून मुजरा केला. नाइकाला ते मनापासून पटलं होतं की त्यात फायदा दिसला, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

पुढचे काही महिने कोकणात नुसती धमाल उडाली! किल्ल्यामागून किल्ला तोतयाच्या हाती आला, बरेचसे न लढताच. माणसं मिळत गेली, फौज वीस हजारांवर गेली. तो घाट चढून राजमाचीपर्यंत पोचला. अखेर महादजी शिंदे आणि भिवराव पानसे चालून आले तेव्हा फौज मोडली. तोतया मुंबईकडे इंग्रजांच्या आश्रयाला निघाला होता, पण वाटेत कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्याला धरलं. पुण्यात पुन्हा रीतसर चौकशी झाली, त्यात रामशास्त्री होते, आणि १७७६ च्या डिसेंबरात त्याला देहान्त शिक्षा झाली. पुढे न. चिं. केळकरांनी याच प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिलं.

आता मुद्द्याची गोष्ट. एकदा कबुली देऊन तुरुंगात गेलेल्या माणसामागे हजारो लोक कसे गेले? ते काय सगळे मूर्ख होते? मुळीच नाही! आपण हसतो खरे, पण आपलं डोकंही त्याच कारखान्यातलं आहे.

पहिली गोष्ट, मोठ्या घटनेला मोठंच कारण हवं असतं. उदगीर जिंकून वर्षही झालं नव्हतं. असा सेनापती गर्दीत, धुळीत, कुणा अनोळखी शिपायाच्या हातून संपतो हे मनाला पटत नाही. एवढ्या मोठ्या दुःखाला इतकं साधं उत्तर? मग मन दुसरं उत्तर शोधतं. नेताजी सुभाषचंद्र बोसांच्या १९४५ च्या विमान अपघाताबद्दलही पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं, चौकशीवर चौकशी नेमली गेली.

दुसरी गोष्ट, आपण पुरावा शोधतो तो हो म्हणणारा. १९६० साली पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं एक साधा खेळ केला. हॉस्टेलवर करून बघा! २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात, तुम्ही दुसरे आकडे सुचवून नियम ओळखा. बहुतेक जण ८, १०, १२ सुचवतात, उत्तर बरोबर येतं, आणि दोन-दोननं वाढणारे आकडे हाच नियम असं ठासून सांगतात. नियम असतो फक्त चढत्या क्रमाचा. १, ७, ४० सुद्धा चाललं असतं. पण आपला अंदाज चुकीचा ठरेल असे आकडे विचारायचं फार थोड्यांना सुचतं. तोतयाच्या बाबतीत तेच. चेहरा जुळतो का, हे पाहिलं. पाठीवरचा घाव कुठं आहे, हे विचारायला हवं होतं.

तिसरी गोष्ट सर्वात घातक. एकदा कट आहे असं मानलं की विरुद्ध पुरावाही बाजूचा वाटायला लागतो. तोतयानं कबुली दिली? मारून घेतली असेल. पुण्याचे कारभारी त्याला खोटा म्हणतात? म्हणणारच, खरा भाऊ आला तर त्यांची सत्ता जाईल! आणि त्याला मारलं नाही, याचा अर्थ तो खराच असणार. बघा, मारला असता तरी कट, न मारला तरी कट. ज्या सिद्धांताला कुठलंच रीडिंग चुकीचं ठरवू शकत नाही तो सिद्धांत लॅबमध्ये आपण जर्नलमध्ये लिहू का? बाहेर मात्र डोळे मिटून मानतो.

चौथी गोष्ट, शेजारी गेला म्हणून मी गेलो. पहिला किल्ला नाइकानं दिला. दुसऱ्यानं विचार केला, एवढा मोठा अधिकारी फसेल का? तिसऱ्यानं पाहिलं, दोघं गेलेच आहेत. पुरावा वाढला नाही, फक्त मानणारे वाढले. आज मोबाईलवर एकच मेसेज पाच ग्रुपवरून आला की पाच साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं. साक्षीदार एकच असतो, आणि तोही बहुधा आंधळा!

आणि शेवटची गोष्ट, मानायचं मनात असतं. राज्य डळमळलेलं, घर फुटलेलं. अशा वेळी तो करारी भाऊ परत येऊन सगळं सरळ करील, ही कल्पनाच किती दिलासा देणारी! पार्वतीबाईंच्या कुंकवाला तर आपण बायसचं नाव देऊ नये. ते दुःख होतं. पण घरातलं दुःख आणि बाजारातली अफवा यांच्यामध्ये कुणीतरी स्पष्ट बोलणं गरजेचं होतं. दरबार गप्प राहिला, त्याची किंमत पंधरा वर्षांनी कोकणातल्या साध्या शिपायांनी जीव देऊन मोजली.

एक मात्र खरं. कट हे नेहमी खोटेच असतात असंही नाही. नारायणरावांचा खून हा कटच होता, आणि तो रामशास्त्र्यांनी चौकशी करून उघड केला. फरक एवढाच की तिथं साक्षी तपासल्या, शंका दोन्ही बाजूंनी घेतल्या. शंका घेणं वाईट नाही, फक्त दुसऱ्यावर घेतो तेवढीच स्वतःवरही घ्यावी.

म्हणून आमच्या रूमवर आता एक नियम केलाय. सनसनाटी बातमी आली की तीन प्रश्न विचारायचे. हे खोटं असेल तर आपल्याला काय दिसायला हवं? हे सांगणारा पहिला माणूस कोण? आणि हे खरं असावं असं मला का वाटतंय? तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. त्या केटीच्या बाबतीत मी तो स्वतःला विचारला, आणि गुपचूप मॅथ्सचं पुस्तक उघडलं. विषय सुटला!

पुढच्या रविवारी भगवतीच्या किल्ल्यावर गेलात तर देवीचं दर्शन घ्या, दीपगृहाकडून समुद्र बघा. आणि थोडा वेळ त्या दोन माणसांची आठवण काढा. एक तिशीत रणात पडलेला खरा भाऊ आणि एक त्याच्या नावावर जगून मेलेला खोटा. पहिल्याला अब्दालीच्या फौजेनं मारलं. दुसऱ्याला मात्र आपल्यासारख्याच माणसांच्या विश्वासानं मोठं केलं.