विल्यम पेन : शांतीसाठी सभागृह बांधू पाहणारा माणूस



पवित्र मिस्सामध्ये प्रभूच्या प्रार्थनेनंतर आपण एकमेकांना शांती देतो. शांती सर्वांनाच हवी असते. परंतु ती नुसत्या इच्छेने टिकत नाही, तिच्यासाठी काहीतरी उभारावे लागते. ही गोष्ट तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी युरोपच्या राजांना समजावून सांगण्याचा प्रयत्न एका माणसाने केला. त्याचे नाव विल्यम पेन. या अंकात आम्ही त्यांच्या जीवनाचा परिचय करून देत आहोत.

पेन कॅथलिक नव्हते, ते क्वेकर पंथाचे होते. या पंथात अभिषिक्त धर्मगुरू नव्हते, साक्रामेंते नव्हती. उपासनेसाठी सारे मौन धरून बसत आणि ज्याला आतून प्रेरणा होई तो उठून बोले. आपल्या श्रद्धेशी हे जुळत नाही. तरीही विभक्त झालेल्या ख्रिस्ती बंधूंमध्ये जे जे खरोखर ख्रिस्ताचे आहे ते आनंदाने मान्य करावे, अशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची आपल्याला शिकवण आहे. त्याच भावनेने हे चरित्र वाचावे, ही विनंती.

आरमारी अधिकाऱ्याचा मुलगा

विल्यमचा जन्म १६४४ साली लंडनमध्ये झाला. त्याचे वडील इंग्लंडच्या आरमारात मोठे अधिकारी होते. १६५५ साली स्पेनकडून जमैका बेट जिंकून घेणाऱ्या मोहिमेचे आरमार त्यांच्या हाताखाली होते. मुलाने राजदरबारी नाव काढावे अशी त्यांची इच्छा होती. पण ऑक्सफर्डला शिकत असताना सरकारमान्य चर्चच्या पद्धतीला विरोध केल्यामुळे १६६२ साली विल्यमला तेथून काढून टाकण्यात आले. वडिलांनी त्याला फ्रान्सला पाठवले, नंतर कायद्याच्या अभ्यासाला घातले. पुढे आयर्लंडमधील घरची जमीन पाहायला गेला असताना १६६७ साली कॉर्क शहरात त्याने टॉमस लो या क्वेकर प्रचारकाचे भाषण ऐकले आणि तो त्या पंथाला जाऊन मिळाला.

त्या काळी क्वेकर होणे म्हणजे तुरुंगाची वाट धरणे होते. क्वेकर म्हणजे थरथरणारा. हे नाव लोकांनी त्यांना चेष्टेने दिले होते. ते शस्त्र हाती घेत नसत. न्यायालयात शपथ घेत नसत, कारण ख्रिस्ती माणसाने नेहमीच खरे बोलावे असे ते म्हणत. मोठ्या माणसापुढे, अगदी न्यायाधीशापुढेही, टोपी काढत नसत. अशा हजारो लोकांना इंग्लंडने तुरुंगात टाकले. आयुष्य लढायांत घालवलेल्या बापाच्या पोटी युद्धच नको म्हणणारा मुलगा निघाला! घरात मोठा वादंग झाला.

तुरुंग आणि न्यायालय

१६६८ साली एका पुस्तिकेवरून पेन यांना लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत टाकण्यात आले. मत बदलले असते तर सुटका झाली असती, पण ते बधले नाहीत. कैदेतच त्यांनी क्रूसाच्या मार्गावर एक मोठा ग्रंथ लिहिला.

१६७० साली क्वेकरांच्या प्रार्थनागृहाला सरकारने टाळे ठोकले, तेव्हा पेन यांनी रस्त्यावर उभे राहून प्रवचन केले. बेकायदा जमाव जमवल्याचा खटला झाला. बारा पंचांनी त्यांना दोषी ठरवण्यास नकार दिला. न्यायाधीशांनी संतापून पंचांनाच दोन रात्री अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवले. पंच तरीही ढळले नाहीत. पुढे एडवर्ड बुशेल या पंचाच्या अर्जावर वरिष्ठ न्यायालयाने ठरवले की निकालाबद्दल पंचांना शिक्षा करता येणार नाही. आजही इंग्रजी कायद्यात या निर्णयाला मोठे स्थान आहे. इकडे टोपी न काढल्याबद्दलचा पेन यांचा दंड मरणशय्येवरील वडिलांनी भरवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वडील वारले. बापलेकांचा समेट झाला होता.

दुसऱ्याच्या हक्कासाठी

पेन यांचे खरे मोठेपण यापुढे दिसते. स्वतःवर अन्याय झाला की आपण सगळेच न्यायाची भाषा बोलतो. आपल्या मते जो चुकला आहे त्याच्या बाजूने बोलणे कठीण असते.

त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिकांविरुद्ध कडक कायदे होते आणि तेच कायदे क्वेकरांनाही लावले जात. १६७८ साली पेन यांना पार्लमेंटच्या समितीपुढे आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली. आम्ही कॅथलिक नाही, आम्हाला सोडा, एवढे म्हणून त्यांना थांबता आले असते. त्यांनी पुढे जाऊन सांगितले की कॅथलिकांनाही त्यांच्या श्रद्धेसाठी शिक्षा होणे योग्य नाही. त्याच वर्षी कॅथलिकांच्या कटाची खोटी अफवा उठली आणि अनेक निरपराध लोकांचे बळी गेले. आर्माचे महागुरुस्वामी संत ऑलिव्हर प्लंकेट यांना १६८१ साली लंडनमध्ये देहदंड देण्यात आला. अशा दिवसांत कॅथलिकांची बाजू घेणे किती धोक्याचे होते, हे यावरून कळेल.

त्याच १६८१ साली राजा दुसरा चार्ल्स याने पेन यांच्या वडिलांचे सोळा हजार पौंडांचे देणे फेडण्यासाठी अमेरिकेतील मोठा प्रदेश पेन यांना दिला. तोच पेनसिल्व्हेनिया. तेथे पेन यांनी सक्तीचा धर्म ठेवला नाही. इंग्लंडमध्ये कितीतरी गुन्ह्यांना फाशी होती. येथे ती खून आणि राजद्रोह यांपुरतीच ठेवली. मूळच्या लेनापी लोकांशी त्यांनी मैत्रीचा करार केला आणि त्यांच्याकडून जमीन मोल देऊन घेतली.

१६८५ साली कॅथलिक असलेला दुसरा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. पेन यांची त्याच्याशी मैत्री होती. त्या मैत्रीचा उपयोग करून त्यांनी श्रद्धेसाठी कैदेत पडलेल्यांना सोडवले. लोक म्हणू लागले की हा छुपा जेज्विट आहे. १६८८ साली जेम्सला देश सोडावा लागला आणि पेन यांच्यावर देशद्रोहाचे आरोप आले. काही काळ ते लपून राहिले. १६९२ साली पेनसिल्व्हेनियाचा कारभारही त्यांच्या हातून काढून घेण्यात आला. तो दोन वर्षांनी परत मिळाला.

युरोपसाठी एक सभागृह

याच पडत्या काळात, १६९३ साली, पेन यांनी युरोपच्या शांतीवर एक छोटा निबंध लिहिला. फ्रान्सविरुद्ध युरोपातील बहुतेक सत्ता असे मोठे युद्ध तेव्हा चालू होते. दोन्हीकडे ख्रिस्ती सैन्ये होती आणि दोन्हीकडून एकाच प्रभूला विजयाचे साकडे घातले जात होते.

निबंधातील युक्तिवाद साधा आहे. शांती न्यायातून येते आणि न्याय मिळण्यासाठी व्यवस्था लागते. कोणीही आपल्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर, बांधावरून तंटा झाला की शेजारी मोजणी करून घेतात, प्रसंगी कोर्टात जातात. कोयता उचलणाऱ्याला आपण गुन्हेगार म्हणतो. मग राजांनी तलवार उचलली तर तिला शौर्य का म्हणायचे? म्हणून सर्व राजांनी आपले प्रतिनिधी एका सभेत पाठवावेत आणि तंटे तेथे सोडवावेत, असे पेन यांनी सुचवले.

त्यांनी बारीकसारीक तपशीलही मांडला. एकूण ९० मते : जर्मन साम्राज्याला १२, फ्रान्स आणि स्पेनला प्रत्येकी १०, इटलीला ८, इंग्लंडला ६, याप्रमाणे. तुर्क आणि रशियन यांनाही प्रत्येकी १० मते देणे योग्य होईल, असे त्यांनी लिहिले. ख्रिस्ती नसलेल्या तुर्कांना बरोबरीने बसवण्याची कल्पना त्या काळी अनेकांना धक्का देणारी होती. मतदान गुप्त असावे. आत आधी कोणी जायचे यावरून राजदूत भांडत, म्हणून सभागृह गोल असावे आणि त्याला अनेक दारे असावीत! जो निर्णय मानणार नाही त्याला इतर सर्वांनी एकजुटीने तो मानायला लावावा. शस्त्र न धरणाऱ्या क्वेकराने सक्तीची ही वाट मोकळी ठेवली, याचे काहींना आश्चर्य वाटते. पण माणूस पापाकडे झुकतो हे पेन जाणून होते आणि बळ कोणा एकाच्या हाती नसावे एवढी काळजी त्यांनी घेतली.

शांती म्हणजे सुव्यवस्थेतून येणारी स्वस्थता, असे संत ऑगस्टीनने फार पूर्वी शिकवले होते. पेन यांनी त्या विचाराला मते, दारे आणि आसने दिली. राजांनी मात्र लक्ष दिले नाही. शंभर वर्षांनी, १७९५ साली, इमॅन्युएल कांट या तत्त्वज्ञाने चिरशांतीवर लिहिले तेव्हाही युरोप युद्धात होता. दोन महायुद्धांनंतर १९५० साली रॉबर्ट शूमन या श्रद्धावान कॅथलिक मंत्र्याने फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा व पोलाद एका समाईक अधिकाराखाली आणण्याची योजना मांडली. १९७९ साली युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक झाली. त्याच वर्षी क्वेकरांनी ब्रसेल्स येथे आपली युरोपविषयक परिषद स्थापन केली. सैन्यात जाण्यास विवेकाने नकार देणाऱ्यांचे हक्क आणि कैद्यांची स्थिती हे प्रश्न तिने युरोपच्या संस्थांपुढे मांडले. त्याआधी १९४७ साली ब्रिटन आणि अमेरिकेतील क्वेकर सेवासंस्थांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला होता.

उणिवा आणि वारसा

पेन संत नव्हते. त्यांच्या इस्टेटीवर गुलाम राबत होते. १६८८ साली पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउनच्या चार क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला, पण फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्यास बंदी केली ती १७७६ साली. विवेकस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता आपल्याच अंगणातले बंधन पाहू शकला नाही. पेन यांच्या मुलांनी तर १७३७ साली कपटाने लेनापींची जमीन बळकावली.

शेवटची वर्षे कष्टात गेली. विश्वासातल्या कारभाऱ्याने फसवले, कर्जापायी १७०८ साली कैद भोगावी लागली. १७१२ साली पक्षाघात झाला. पत्नी हॅना यांनी कारभार सांभाळला. १७१८ साली पेन यांचे निधन झाले.

पण १७०१ साली त्यांनी पेनसिल्व्हेनियाला दिलेल्या सनदेचे पहिले कलम विवेकस्वातंत्र्याचे होते. १७३३ साली जेज्विट फादर जोसेफ ग्रीटन यांनी फिलाडेल्फियात संत जोसेफचे छोटे देऊळ उभारले. तेथे उघडपणे मिस्सा होते हे पाहून गव्हर्नरने इंग्लंडच्या कायद्याकडे बोट दाखवले. कॅथलिकांनी पेन यांची सनद पुढे केली. देऊळ बंद झाले नाही. आपल्या ख्रिस्तसभेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा १९६५ साली काढला. त्याच्या कितीतरी आधी एका क्वेकराच्या शब्दावर आपल्या बांधवांनी निर्भयपणे मिस्सा अर्पण केला, हे ऋण आपण विसरू नये.

बंधुभगिनींनो, आपल्या घराघरांत वाटणीवरून आणि सणाच्या मानावरून अबोला असतो. आधी कोण बोलणार, येथेच गाडी अडते. पेन यांच्या सभागृहाला अनेक दारे होती ती याचसाठी. ज्याच्याशी आपले पटत नाही त्यालाही बसायला जागा द्यावी, त्याचे म्हणणे त्याच्या तोंडून ऐकावे आणि निवाडा आपल्या एकट्याच्या हाती ठेवू नये. अशा बैठकीसाठी कोणाला मध्यस्थ हवा असेल तर आमचे दार उघडे आहे. शांतीचा राजा प्रभू येशू आपल्या कुटुंबांना ही सुबुद्धी देवो, ही प्रार्थना.