झोपडीत लिहिलेली पुस्तके : लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

आपल्या वस्तीत एक तक्रार घरोघरी ऐकू येते. खोलीत जागाच नाही, मग पोराने अभ्यास करायचा कुठे? आई मोरीत भांडी घासते आहे, धाकटी टीव्ही लावून बसली आहे, बाहेर नळावर भांडण जुंपले आहे. तक्रार खोटी नाही. आमचेही बालपण कल्याणला असेच गेले. पण अशाच गलबल्यात बसून ज्याने मराठी वाङ्मयात मोलाची भर घातली, त्या माणसाचे चरित्र स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला, वाळवा तालुक्यात. तेव्हा तो मुलूख सातारा जिल्ह्यात होता, आता सांगलीत आहे. घर मांगवाड्यातले. शाळा म्हणाल तर जेमतेम दीड दिवसाची. पण शाळेने दार लावले म्हणून शिक्षण थांबले नाही. दांडपट्टा, जत्रा, तमाशा, पोवाडे आणि वारणेच्या खोऱ्यातल्या बंडखोरांच्या गोष्टी यांतच पोरगा वाढला. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडातही तो वावरला. पुढे जे लिहायचे, त्याचे बी इथेच पडले.

पोट भरेना म्हणून हे कुटुंब पायी चालत मुंबईला आले. भायखळ्याच्या चाळीत बिऱ्हाड केले. अण्णा भाऊंनी हमाली केली, फेरीवाल्याचे काम केले, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे बघत बघत ते अक्षरे जुळवायला शिकले. ज्या शहराने वही दिली नाही, त्याच्या भिंतीच त्यांची पाटी झाल्या.

पुढे ते माटुंग्याच्या लेबर कॅम्पात आले. या वळणाकडे आपण नीट पाहिले पाहिजे. हा कॅम्प म्हणजे कष्टकऱ्यांची, बहुतेक दलितांची वस्ती. घाण होती, डास होते, पण तिथे चळवळीची माणसेही होती. रात्री कामावरून आल्यावर सभा, वाचन, वादविवाद चाले. तिथल्या डासांवरच अण्णा भाऊंनी आपले पहिले गाणे रचले, असे सांगतात. डास तर प्रत्येक वस्तीत असतात! पण त्यांच्यावरही गाणे होऊ शकते, हे सुचायला ऐकणारे चार सोबती लागतात. ते तिथे भेटले. वस्तीने विषय दिला, सोबत्यांनी धीर दिला.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. प्रेक्षक होते चाळीतले, गिरणीतले. त्यांच्यापुढे जायला महागडे नेपथ्य नको होते. डफ, तुणतुणे आणि खणखणीत आवाज एवढ्यावर भागे. गावचा तमाशा त्यांना ठाऊक होता आणि शहरातला कामगारही. दोन्ही एकत्र आणून त्यांनी तमाशाचे लोकनाट्य केले. गणातले देवाचे नमन काढून श्रमाला आणि हुतात्म्यांना वंदन घातले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची मैनेची छक्कड गाजली. गावी बायको ठेवून मुंबईत राबणाऱ्याचे दुःख त्यांनी साऱ्या मराठी मुलखाच्या ताटातुटीशी जोडले. ते ज्याने जवळून पाहिले होते, त्यालाच हे सुचावे.

घाटकोपरच्या चिरागनगरात त्यांची झोपडी होती. तिथे त्यांनी वीसेक वर्षे काढली. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या आणि कितीतरी कथा त्यांनी लिहिल्या, त्यातल्या बऱ्याचशा याच झोपडीत. एका कथासंग्रहाचे तर नावच चिरागनगरची भुतं. स्मशानातील सोनं या कथेतला भीमा खाणकामगार. खाण बंद पडते आणि पोटासाठी तो मढ्यांच्या राखेत सोने शोधू लागतो. पारसिकच्या डोंगरात, मुंब्र्याच्या बाजूला ज्यांच्या घरच्यांनी दगड फोडला, त्यांना हा भीमा ओळखीचा वाटेल.

१९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. १९५९ साली फकिरा कादंबरी आली. लहानपणी ऐकलेला बंडखोर तिच्यात उभा राहिला. ती त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले.

म्हणून गरिबी असली की प्रतिभा फुलते, असे कुणी समजू नये. ही समजूत पोट भरलेल्यांच्या सोयीची आहे. याच परिस्थितीने अण्णा भाऊंना आजारी आणि एकाकी केले. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळाले, पण फार उशिरा. तिथेच १८ जुलै १९६९ रोजी ते गेले. वयाची ४९ वर्षे पुरी व्हायला दोन आठवडे बाकी होते. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. त्यांच्या झोपडीशेजारी आणखी किती तुकाराम अक्षरओळख न होताच मेले असतील, त्यांची मोजदाद कोण करणार?

बंधूभगिनींनो, खोली मोठी करणे आपल्या हाती नसेल. पण लेबर कॅम्पातली संध्याकाळ आपल्या हाती आहे. दोन तास टीव्ही बंद ठेवता येतो. आजी-आजोबांनी गिरणीत, खाणीत, शेतात काय सोसले ते पोरांना सांगता येते, वहीत उतरवून घ्यायला लावता येते. आणि पोराने चार ओळी खरडल्या, तर हातातले काम ठेवून ऐकता येते. अण्णा भाऊंना कुणीतरी ऐकले होते. आपल्या पोरांना आपण ऐकू या.

लोकशाहिरांना विनम्र अभिवादन. जयभीम!