डॉ. अर्न्स्ट चेन

पावसाळ्यात आपल्या वसईत शिळ्या पावावर, चामड्याच्या चपलांवर, फार काय, पुस्तकांच्या बांधणीवरही हिरवट बुरशी चढते आणि गृहिणी कपाळाला आठ्या घालून ती पुसून टाकतात. अशाच एका बुरशीपासून पेनिसिलिन निघाले हे बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक असते, आणि फ्लेमिंग यांचे नावही. परंतु त्या बुरशीच्या रसाचे औषध करण्यासाठी जे झटले, आणि ते औषध रोग्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ज्यांनी त्याचा वैरीही हुडकून काढला, त्या अर्न्स्ट बोरिस चेन यांचे नाव आपल्या मुलांच्या कानी क्वचितच पडते.

चेन यांचा जन्म १९ जून १९०६ रोजी बर्लिन शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील रशियातून आलेले रसायनतज्ज्ञ व कारखानदार. ते १९१९ साली वारले. मुलाचे बोट पियानोवर असे फिरे की, संगीत पत्करावे की शास्त्र, हा प्रश्न काही काळ त्याच्यापुढे होता. पुढे १९३३ साली जर्मनीची सत्ता हिटलरच्या हाती गेली. तेव्हा आई व बहीण यांना मागे ठेवून, खिशात अवघे दहा पौंड घेऊन हा तरुण इंग्लंडास आला.

केंब्रिज येथे दोन वर्षे काढून १९३५ साली ते ऑक्सफर्ड येथे प्रोफेसर फ्लोरी यांच्या हाताखाली रुजू झाले. १९३८ साली जुने निबंध चाळताना फ्लेमिंग यांचा १९२९ सालचा लेख त्यांच्या दृष्टीस पडला. तो रस टिकत नाही म्हणून इतरांनी नाद सोडला होता. चेन यांस मात्र नेमके तेच कोडे आवडले. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांस घातक जंतू टोचण्यात आले आणि त्यांपैकी चारांस पेनिसिलिन दिले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध न मिळालेले चारही मेलेले आढळले. उरलेले चार जिवंत होते.

या यशाच्या आनंदात दुसरा कोणी पुढेच धावला असता. चेन व त्यांचे सहकारी एडवर्ड अब्राहम यांनी मात्र उलट प्रश्न विचारला: काही जंतूंवर हे औषध का चालत नाही? त्यांनी आतड्यातील कोलाय जंतू चिरडून त्यांचा अर्क पेनिसिलिनमध्ये मिसळला, तो औषधाचे तेज नाहीसे झाले. जंतूंच्या पोटी एक विकर, म्हणजे एन्झाइम, होते; तेच औषधाचा नाश करीत होते. त्यास पेनिसिलिनेज हे नाव मिळाले. हा शोध डिसेंबर १९४० मध्ये 'नेचर' पत्रात प्रसिद्ध झाला. रोग्यावरचा पहिला खरा उपचार त्यानंतर, फेब्रुवारी १९४१ मध्ये, सुरू झाला. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ साली ते क्ष-किरणांनी सिद्ध केले. पाण्याच्या साहाय्याने हे कडे फोडणे, एवढेच त्या विकराचे काम. कडे तुटले की औषध निकामी.

परंतु वैऱ्यालाही चाकरीस लावता येते, हे प्रयोगशाळांनी दाखविले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. अशा औषधाच्या कुपीत जंतू शिरले आहेत की नाहीत, हे पाहावे कसे? औषध स्वतःच त्यांची वाढ दाबून ठेवते, म्हणून कुपी निर्दोष भासते. त्यासाठी नमुन्यात आधी पेनिसिलिनेज घालून औषध मारतात; मग लपलेला जंतू असेल तर तो वाढून उघडकीस येतो. पेनिसिलिन चालू असलेल्या तापकऱ्याच्या रक्तातून रोगाचा जंतू वाढवावयाचा असल्यासही हीच युक्ती. दुधात जंतूंची वाढ रोखणारे काही आढळले आणि हे विकर घालताच तो गुण गेला, तर गाईला दिलेले पेनिसिलिन दुधात उतरले असे समजावे.

१९४५ साली फ्लेमिंग व फ्लोरी यांच्यासमवेत चेन यांस नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र बर्लिनमध्ये राहिलेली आई व बहीण नाझींच्या छळात बळी पडल्या होत्या. त्यांचा स्वभाव तापट होता हेही सांगितले पाहिजे. पेनिसिलिनचे पेटंट घ्यावे असा त्यांचा आग्रह होता. वरिष्ठांस ते नीतीला धरून वाटले नाही, आणि फ्लोरी यांच्याशी त्यांचे बिनसले. १९४८ साली ते रोमला गेले.

तेवढ्यात इस्पितळांतून पेनिसिलिनेज बाळगणारे जंतू बळावले. इंग्लंडातील बीचम कंपनीस चेन सल्ला देत असत. तेथील शास्त्रज्ञांनी १९५७ साली पेनिसिलिनचा गाभा वेगळा काढला आणि त्यापासून त्या विकरास दाद न देणारे मेथिसिलिन घडविले. १९६१ सालीच त्यालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडात सापडले. ते विकरावर विसंबून नव्हते. त्यांनी निराळीच वाट काढली होती.

चेन पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अध्यापक झाले. १२ ऑगस्ट १९७९ रोजी आयर्लंडात त्यांनी देह ठेवला. पियानो त्यांनी कधीच सोडला नव्हता.